घरबांधणी आणि लेखी उत्तराचा हक्क

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी घर बांधणाऱ्याच्या चिंता गवंडी, सुतार, चुना, लाकूड आणि मजुरी यांच्यापुरत्या असत. पुढे नियंत्रणांचा काळ आला. सिमेंटच्या परमिटासाठी हेलपाटे घातलेली माणसे अद्याप आपल्यात आहेत. ते नियंत्रण १९८२ साली अंशतः आणि १९८९ साली पूर्णतः उठले. नागरी जमीन कमाल धारणेचा १९७६ चा कायदाही महाराष्ट्रातून २००७ साली गेला. आता जिन्नस मुबलक आहेत आणि कर्जे सुलभ आहेत. तथापि जोत्याचा पहिला दगड बसण्यापूर्वीच सामान्य माणसाची निम्मी उमेद आजही एका कागदापायी खर्ची पडते. तो कागद म्हणजे बांधकामाची परवानगी.

माझ्या एका शिक्षकस्नेह्यांची हकीकत या बाबतीत बोलकी आहे. निवृत्तीनंतर भविष्यनिर्वाह निधीच्या रकमेतून त्यांनी तालुक्याच्या गावी अडीच गुंठ्यांच्या भूखंडावर चार खोल्यांचे घर बांधण्याचे ठरविले. प्रस्ताव दाखल झाला आणि काही आठवड्यांनी परत आला. मोजणीच्या नकाशातील क्षेत्र आणि सातबाऱ्यावरील क्षेत्र यांचा मेळ बसत नव्हता. ते प्रकरण मार्गी लावून प्रस्ताव पुन्हा दिला, तेव्हा भूखंडाचा पुढचा भाग रस्तारुंदीच्या रेषेत येतो असे सांगण्यात आले. नकाशा बदलला. तिसऱ्या खेपेस असे आढळले की, घराचा जिना बाजूच्या सामासिक अंतरात शिरतो. दरम्यान दर खेपेला "गुरुजी, पुढच्या सोमवारी या" हे पालुपद होतेच. या फेऱ्यांत अकरा महिने गेले. भाड्याच्या घराचे भाडे आणि उचललेल्या कर्जाच्या पहिल्या हप्त्याचे व्याज ही दोन्ही चाके त्या काळात एकदमच फिरत राहिली.

या हकिकतीतील मर्म असे की, तिन्ही हरकती नियमास धरून होत्या. एकही खोटी नव्हती आणि एकीमागेही कोणाचा आकस नव्हता. परंतु तिन्ही हरकती पहिल्याच दिवशी दिसण्याजोग्या होत्या. नियम असणे हा अन्याय नव्हे. नियम हप्त्याहप्त्याने आणि तोंडी सांगितला जाणे हा अन्याय आहे. घर बांधू पाहणाऱ्याने आणि प्रशासनानेही हा भेद नीट ध्यानात घेतला, तर या प्रश्नातील निम्मा त्रागा नाहीसा होईल.

नियम मुळात कशासाठी आले याचे विस्मरण होता कामा नये. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि अंधाऱ्या, कोंदट, एकमेकींना चिकटलेल्या चाळींनी माणसांचे बळी घेतले. त्या धड्यातून १८९८ साली शहर सुधारणेसाठी विश्वस्त मंडळ उभे राहिले आणि १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा आला. भिंतीपासून कुंपणापर्यंत जागा मोकळी सोडावी, म्हणजे उजेड आणि वारा खेळेल, आग लागल्यास बंब आत येईल, ही त्यामागील दृष्टी होय. कोल्हापूर-सांगलीने २०१९ आणि २०२१ साली पुराचे जे रूप पाहिले, त्यानंतर पूररेषेच्या आतील बांधकामावरील बंधनाला जाच म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. सप्टेंबर १९९३ मधील किल्लारीचा भूकंप ज्यांना आठवतो, त्यांना कच्च्या रचनेच्या जड भिंती आणि छपरे घरातल्याच माणसांवर कशी कोसळतात हे निराळे सांगावयास नको. सबब परवानगीची कटकट मुळातूनच नको, ही भूमिका आपल्या हिताची नाही.

मग परवानगी अडली तर करावे काय? येथे कायदा नागरिकाला वाटतो तेवढा त्याच्या विरुद्ध नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याचे ४५ वे कलम प्रत्येक अर्जदाराने एकदा तरी वाचावे. परवानगी नाकारताना किंवा तिला अटी घालताना त्याची कारणे आदेशात नमूद केलीच पाहिजेत, असे ते कलम सांगते. म्हणजे कारणासह लेखी उत्तर ही कोणा अधिकाऱ्याची मेहेरबानी नसून अर्जदाराचा हक्क आहे. त्या आदेशावर चाळीस दिवसांच्या आत शासनाकडे अपील करण्याची सोय ४७ व्या कलमात आहे. परंतु अपील करावयाचे ते आदेशावर. 'सोमवारी या' या तोंडी वाक्यावर कोणतेही अपील होत नाही. तोंडी नकाराने अर्जदाराचे सर्व मार्ग बंद होतात आणि लेखी नकाराने ते उघडतात, हा या विषयातील सर्वांत व्यवहार्य धडा होय.

याच कलमात साठ दिवसांची एक मुदत आहे. अर्ज मिळाल्यापासून अथवा काढलेल्या त्रुटींचे उत्तर मिळाल्यापासून, यांपैकी जी तारीख नंतरची तिच्यापासून साठ दिवसांत निर्णय न कळविल्यास परवानगी मिळाली असे मानले जाते. अनेकांना ही तरतूद ऐकून ठाऊक असते. मात्र तिच्यातील अट ठाऊक नसते. प्रस्ताव विकास योजनेशी आणि नियमावलीशी काटेकोरपणे जुळणारा असेल, तरच हे मानीव संरक्षण लाभते. जिना चार फूट बाहेर गेला असेल तर साठ दिवस काय, सहाशे दिवस लोटले तरी उपयोग नाही. म्हणून या तरतुदीच्या भरवशावर पाया खणण्यापेक्षा तिचा आधार घेऊन स्मरणपत्र लिहिणे अधिक शहाणपणाचे ठरते.

त्रुटींचे तीन प्रकार

लेखी त्रुटी हाती आल्या की त्यांची प्रतवारी करावी. काही त्रुटी केवळ कागदाच्या असतात. फेरफाराची नोंद राहिलेली असते, मोजणीची प्रत जुनी असते, वारसाची संमती जोडलेली नसते. यांना वेळ लागतो, पण अक्कल लागत नाही. काही त्रुटी आराखड्याच्या असतात. येथे हट्ट सोडावा. बाहेरचा जिना आत घेतल्याने दिवाणखाना लहान होईल, पण घर होईल. वास्तुविशारदाशी एक दिवस शांतपणे बसून जे सुटते, ते कार्यालयात सहा महिने भांडून सुटत नाही.

तिसरा प्रकार मात्र जागेच्याच दोषाचा. भूखंडावर शाळेचे वा उद्यानाचे आरक्षण असते, तो पूररेषेत असतो, त्याला पोहोचरस्ताच नसतो, किंवा तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्याला डावलून त्याचे तुकडे पाडलेले असतात. आरक्षण दहा वर्षे तसेच पडून राहिले असेल, तर १२७ व्या कलमाखाली नोटीस देऊन ते रद्दबातल होण्याचा मार्ग आहे. पण नदी नोटिशीला जुमानत नाही. अशा ठिकाणी नुकसान सोसून पाऊल मागे घेणे हेच खरे धैर्य होय. आणि म्हणूनच विसार देण्यापूर्वी झोन दाखला, विकास योजनेचा भाग नकाशा आणि सरकारी मोजणी पाहण्याचा थोडका खर्च कोणी वाचवू नये. लाखो रुपयांची जागा घेताना दलालाच्या शब्दावर विश्वसणारा मध्यमवर्गीय भाजीच्या जुडीला मात्र चार वेळा उलटून पाहतो, हे आपले नित्याचे दृश्य आहे.

लेखी उत्तरच मिळत नसेल, तर दोन साधने हाताशी आहेत. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने आपल्या प्रस्तावाची फाइल कोणत्या मेजावर किती दिवस थांबली आणि तिच्यावर कोणी काय शेरा लिहिला, हे पाहता येते. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत देण्याचे बंधन पदनिर्देशित अधिकाऱ्यावर घातले. त्यावर प्रथम अपील, द्वितीय अपील आणि पुढे आयोग अशी चढती पायरी आहे. विनाकारण विलंब करणाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत शास्तीही आहे. ही साधने शस्त्र म्हणून परजण्याची गरज बहुधा पडत नाही. ती ठाऊक असल्याचे पत्रातून दिसले तरी पुरते. माझ्या शिक्षकस्नेह्यांनी अखेरीस हेच केले. हेलपाटे थांबवून त्यांनी एक पानी पत्र दिले आणि उर्वरित सर्व त्रुटी, नियमाच्या क्रमांकासह, एकदमच कळवाव्यात अशी विनंती केली. पत्राची पोच घेतली. तीन आठवड्यांत उत्तर आले. त्यात जिन्याखेरीज दुसरी त्रुटी नव्हती.

दोन मोह मात्र टाळले पाहिजेत. पहिला मोह पाकिटाचा. पैसे देऊन मिळालेली परवानगी दोषमुक्त होत नाही. दोष फाइलमध्ये तसाच राहतो आणि घर विकण्याच्या वा तारण ठेवण्याच्या वेळी वर येतो. दुसरा मोह 'आधी बांधून टाकू, मग बघू' हा. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात स्वच्छ सांगितले आहे की, अधिकाऱ्यांची दिरंगाई, लोटलेला काळ अथवा झालेला खर्च यांमुळे अनधिकृत बांधकाम अधिकृत ठरत नाही. त्याच न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी शासनयंत्रणेलाही लगाम घातला. रस्ता, पदपथ, नदीपात्र यांसारख्या जागा वगळता, पंधरा दिवसांच्या लेखी नोटिशीवाचून कोणाचे घर पाडता येणार नाही, असे बजावले. दोन्ही निकाल एकत्र वाचले म्हणजे एकच सूत्र हाती लागते. नागरिकाने कागदावाचून बांधू नये आणि शासनाने कागदावाचून पाडू नये.

आता दुसरी बाजू. नियम पाळणाऱ्याला शासनाने दिलेली वागणूक उत्साहवर्धक आहे असे म्हणता येणार नाही. गुंठेवारीतील बांधकामे नियमित करण्याचा कायदा २००१ साली आला आणि त्याची मुदतरेषा २०२१ साली पुढे ओढून ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली गेली. गुंठेवारीत राहणारे बहुतेक लोक गरजवंत आहेत. शहरांनी त्यांना परवडेल अशी जागाच ठेवली नाही, हे सत्य नाकारता येणार नाही. त्यांना उघड्यावर आणावे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु ज्याने परवानगीसाठी अकरा महिने भाडे भरले, त्याने मनाशी कोणता निष्कर्ष काढावा? न थांबणाऱ्याला माफी आणि थांबणाऱ्याला हेलपाटे, असा हिशेब वारंवार दिसू लागला तर कायदा पाळणे हा भाबडेपणा ठरतो. घर एकाचे रखडते, पण ढासळते ती सर्वांचीच कायद्यावरील निष्ठा.

शासनाने काहीच केले नाही असेही नव्हे. २०१७ साली जमीन महसूल संहितेत नवी कलमे घालून विकास योजनेतील आणि गावठाणालगतच्या जमिनींसाठी बिनशेती परवानगीची वेगळी दगदग कमी करण्यात आली. डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीने, बृहन्मुंबई व काही क्षेत्रे वगळता, राज्यभर एकसारखे नियम आणले. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर आराखडा सादर करून शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी समजावी आणि १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत निर्णय व्हावा, हे धोरण त्यातच जाहीर झाले. धोरण स्तुत्य आहे. पण दहा दिवसांची मुदत त्रुटीच्या एका शेऱ्याने पुन्हा पहिल्या दिवसावर जाते, आणि असे शेरे किती वेळा मारावेत याला मर्यादा नसेल तर मुदतीला अर्थ उरत नाही. प्रस्ताव संगणकावर आले म्हणून हा दोष आपोआप जात नाही. पुष्कळदा त्रुटी वास्तुविशारदाच्या खात्यावर येऊन पडते आणि ज्याच्या पैशाने घर उभे राहावयाचे त्या मालकालाच ती ठाऊक नसते.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. प्रस्तावाची छाननी एकदाच पूर्ण व्हावी आणि सर्व त्रुटी एकाच पत्रात, नियमाच्या क्रमांकासह, मालकाला थेट कळवाव्यात. पहिल्या पत्रात न काढलेली त्रुटी पुढे काढावयाची असल्यास ती आधी का दिसली नाही याचे कारण वरिष्ठांना लेखी द्यावे. यासाठी नवा कायदा नको की मोठा खर्च नको. एक परिपत्रक आणि ते पाळले जाते की नाही हे पाहणारा एक दक्ष मुख्याधिकारी एवढे पुरे. अपुऱ्या मनुष्यबळाची अडचण खरी असली, तरी एकच फाइल तीनदा तपासण्यापेक्षा ती एकदाच नीट तपासणे त्या मनुष्यबळालाही सोईचेच आहे.

तोवर घर बांधू इच्छिणाऱ्याने आपल्या हाती आहे तेवढे करावे. प्रारंभ प्रमाणपत्र हाती येईपर्यंत कर्जाचा पहिला हप्ता उचलू नये. अंदाजपत्रकात वर्षभराचे भाडे धरून ठेवावे. प्रत्येक पत्राची पोच आणि प्रत एका फाइलमध्ये तारीखवार लावावी. परवानगी मिळाल्यावर ती एक वर्षच चालते आणि पुढील वाढ तीन वर्षांपलीकडे मिळत नाही, हेही विसरू नये. आपल्यापैकी बहुतेकांना घर एकदाच बांधावयाचे असते आणि कार्यालयाला मात्र अशी प्रकरणे रोजची असतात. ही विषमता वशिल्याने भरून निघत नाही. ती भरून काढण्याचे सामर्थ्य लेखी प्रश्नात आणि लेखी उत्तरात आहे. ते उत्तर नकाराचे असले तरी चालेल. नकार कागदावर आला की त्याला निदान उत्तर देता येते.