आधी काय राखायचे?



पस्तीस वर्षे बँकेची सेवा केलेल्या माणसाच्या हाती कुंचला दिला, तर तो आधी कागदावर समास आखतो. मीही तेच केले. गेल्या हिवाळ्यात कुंभोजच्या २८ फुटी बाहुबलींच्या दर्शनाचा योग आला. कोल्हापुरातील एक चित्रकार रंकाळ्याच्या काठी सकाळी दोन तास जलरंग शिकवितात, हे ठाऊक होते. म्हणून यात्रेला तीन दिवस जोडून घेतले. निघण्यापूर्वी नागपुरातच एका आप्ताच्या दुकानातून रंगपेटी, कागद व चार कुंचले घेतले आणि जरीपटक्याहून आम्ही उभयता महाराष्ट्र एक्स्प्रेस गाठण्यास निघालो.

रंकाळ्याला चित्रकारांचे वावडे नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिलेले आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून कोल्हापुरास परतले आणि १९३१ साली देह ठेवीपर्यंत हाच परिसर रंगवीत राहिले. त्याच काठावर मी पेटी उघडून बसलो. समोर पाण्यात संध्यामठ उभा होता.

गुरुजी वयाने माझ्याहून बरेच लहान. ते मला ‘काका’ म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी पेटीतील पांढरा रंग बाजूला ठेवावयास लावला. ‘‘काका, आपला पांढरा म्हणजे कागदच. कुठं रंग लावायचा नाही, ते आधी ठरवा. मग कुंचला भिजवा.’’ जलरंग पारदर्शक असतो. त्यातून आरपार गेलेला प्रकाश खालच्या कागदावरून परततो, म्हणून चित्र उजळते. एकदा झाकलेला कागद पूर्वीसारखा शुभ्र होत नाही. खाडाखोडीला येथे जागा नाही, हे मात्र कीर्द-खतावणीत आयुष्य गेलेल्या मला चटकन उमजले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी माझा मोठा कुंचला उचलून उन्हात धरला. केसांवर फिकट आणि गडद पट्टे होते. ते म्हणाले, ‘‘काका, हा मुंगसाच्या केसांचा दिसतोय.’’

माझा हात जागीच थांबला. पाणी गाळून पिणारा, सूर्यास्तापूर्वी जेवणारा मी. आणि त्याच हाताने आदल्या दिवशी त्या कुंचल्याने आकाश रंगविले होते. गुरुजींनी सांगितले, की हे केस मुंगूस मारूनच मिळवितात आणि एका मुंगसापासून हाती लागतात ते थोडेसेच. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार या केसांचा व्यापार गुन्हा आहे. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या नावाने अशा कुंचल्यांवर धाडी घातल्या होत्या. परदेशी नावाजलेला ‘कोलिन्स्की’ कुंचलाही सायबेरियातील एका लहान प्राण्याच्या शेपटीच्या केसांचाच. काही उंची कागदांना जिलेटिनची खळ असते. रंग बांधून ठेवणारा डिंक मात्र बाभळीच्या जातीच्या झाडाचा, एवढाच दिलासा.

सायंकाळी आप्तांना दूरध्वनी केला. ते म्हणाले, ‘‘माल येतो तसा आम्ही विकतो. केस कुणाचे, हे कोण विचारतो?’’ त्यांना बोल लावावा, असे मनात आले; पण जीभ रेटेना. बँकेत असताना मी स्वतः कितीतरी दुकानांचा माल तारण घेतला. नग मोजले, भाव तपासला, विमा पाहिला. तो माल कशाचा बनला आहे, हे एकदाही विचारले नाही. प्रश्न आम्हा दोघांनाही पडला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी नायलॉनचा कुंचला वापरला. तो पाणी कमी धरतो, वारंवार बुडवावा लागतो. आकाशात दोन ठिकाणी सांधे दिसतात. गुरुजींनी ते दडविण्याची युक्ती सांगितली नाही. ‘‘कुंचला बदलला की हात बदलावा लागतो,’’ एवढेच म्हणाले. संध्यामठ किंचित कललेला आला. परंतु पाण्यावरील उजेडाची पट्टी मी आधी ठरवून राखली होती, ती शुभ्र राहिली.

परतल्यावर आप्तांकडे गेलो. आम्ही दोघांनी मिळून फडताळातील कुंचले पाहिले. संशयास्पद होते ते त्यांनी विक्रीतून काढले आणि पुरवठादाराकडून ‘केवळ कृत्रिम केस’ असे बिलावर लिहून घेण्यास सुरुवात केली. थोडे नुकसान झाले. ते त्यांनी बोलून दाखविले आणि सोसलेही.

आपल्यातील अनेकांची स्टेशनरीची दुकाने आहेत आणि बहुतेकांच्या घरी नातवंडांची रंगपेटी आहे. या रविवारी त्यातील कुंचला उजेडात धरून पाहावा आणि पुढच्या खरेदीच्या वेळी केस कशाचे आहेत, हे विचारावे. विक्रेत्याला उत्तर ठाऊक नसेल, तर तो माल घेऊ नये.