लाईट गेली की सोलरही बंद!

२२ जुलै २०२१ ला तळीयेवर दरड कोसळली, तेव्हा महाड भागात वीज आणि मोबाईल दोन्ही बंद पडले होते. म्हणून आमचं मत: आपल्याकडे नुसता ऑन-ग्रीड सोलर पुरेसा नाही. वायरमनला शॉक बसू नये म्हणून लाईट गेली की तो इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, ऊन असलं तरी.

आधीच बसवलाय? मग घरच्या साध्या बॅटरी-इन्व्हर्टरला जोडू नका. जादा वीज उलटी शिरून तो जळू शकतो. बॅटरी भरल्यावर फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या वर नेऊन सोलरला आवरणारा इन्व्हर्टरच लागतो.

नवीन घेताय? बॅटरीसह हायब्रीड मागा. खर्च जास्त येईल, पण आणीबाणीत फोन चालू राहील.