न कोसळलेल्या पुलाचा धडा

पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी असा प्रवास करीत बंगळुरूत शिरणारा राष्ट्रीय महामार्ग शहराच्या वेशीवर पीण्या औद्योगिक वसाहतीजवळ सुमारे चार किलोमीटर लांबीच्या उड्डाणपुलावर चढतो. डिसेंबर २०२१ च्या अखेरच्या आठवड्यात हा पूल एकाएकी वाहतुकीस बंद करण्यात आला. १०२ व १०३ क्रमांकांच्या खांबांमधील गाळ्यात पोलादी केबल निकामी झाल्याचे आढळले होते. पूल खुला झाला होता २०१० मध्ये. म्हणजे त्याचे वय अवघे अकरा वर्षांचे. भारतीय विज्ञान संस्थेतील तज्ज्ञांचा सल्ला घेण्यात आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये हलक्या वाहनांना वाट मिळाली. जड वाहनांना मात्र जुलै २०२४ पर्यंत थांबावे लागले आणि तेव्हाही देखभालीसाठी शुक्रवारचा दिवस वगळूनच परवानगी देण्यात आली.

या अडीच वर्षांत मालवाहतूकदारांनी तक्रारी केल्या, खालच्या रस्त्यावर कोंडीत अडकलेल्या नागरिकांनी संताप व्यक्त केला आणि पूल बांधणाऱ्यांवर टीकेचा भडिमार झाला. ती टीका अनाठायी नव्हती. अकरा वर्षांत पुलाला असे दुखणे जडावे, ही लाजिरवाणीच गोष्ट आहे. परंतु या प्रकरणाची दुसरी बाजू कोणी फारशी बोलून दाखवली नाही. हा पूल कोसळला नाही. तो कोसळण्यापूर्वी कोणी तरी तो बंद केला. आपल्या प्रशासनात असा निर्णय किती दुर्मीळ असतो, हे शासकीय सेवेत आयुष्य घालवलेला माणूस अधिक चांगले जाणतो.

दुखणे काय होते, हे आधी समजून घेतले पाहिजे. काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताण मात्र त्याला सोसवत नाही. म्हणून लांब गाळ्याच्या पुलात काँक्रीटच्या आत नळ्या ठेवून त्यांतून अतिशय मजबूत पोलादी केबल ओवतात, त्या ताणून दोन्ही टोकांना जखडतात आणि नळीतील पोकळी सिमेंटच्या पातळ मिश्रणाने भरतात. अभियंते याला ‘प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट’ म्हणतात. हे मिश्रण पोकळी न ठेवता भरले गेले नाही, तर तेथे पाणी आणि हवा शिरते, ताणलेले पोलाद गंजू लागते आणि एकेक तार आतल्या आत तुटत जाते. वरून पाहणाऱ्याला मात्र पूल धडधाकट दिसतो. रंग ताजा असतो, कठडे सरळ असतात, वाहने धावत असतात.

हा आजार नवा नाही आणि आपल्याला अपरिचितही नाही. पणजीजवळ मांडवी नदीवर १९७० च्या सुमारास उभारलेला नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. खाऱ्या हवेत केबल गंजत गेल्या आणि सोळा वर्षांच्या आसपास पुलाचे आयुष्य संपले. गोवेकरांना पुन्हा फेरीबोटींच्या रांगेत उभे राहावे लागले. ठाणे खाडीवर १९७३ मध्ये खुल्या झालेल्या पहिल्या वाशी पुलालाही याच गंजाने ग्रासले आणि शेजारी दुसरा पूल बांधावा लागला. वेल्समधील एक छोटा पूल १९८५ मध्ये अंगावर एकही वाहन नसताना केवळ स्वतःच्या भाराने खाली आला. त्यानंतर ब्रिटनने १९९२ मध्ये या पद्धतीच्या नव्या पुलांना काही वर्षे मनाई केली आणि नळ्या भरण्याचे तंत्र सुधारल्यावरच ती उठवली. इटलीतील जिनोआ येथे मात्र इशारे ऐकूनही पूल चालू ठेवला गेला. तेथे काँक्रीटने मढवलेले पोलादी ताण आतून गंजले होते. १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याची किंमत त्रेचाळीस माणसांनी मोजली.

तेव्हा धातू का तुटतो, हे शास्त्राला ठाऊक आहे. प्रश्न आहे तो तुटण्यापूर्वी कोण पाहतो, पाहिलेले कोण लिहितो आणि लिहिलेल्यावर कोण निर्णय घेतो, याचा.

महाडजवळील सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. त्यासोबत एसटीच्या दोन बस आणि त्यांतील प्रवासीही गेले. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी होऊन तो सुरक्षित असल्याचे नोंदवले गेले होते. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल ऐन संध्याकाळच्या गर्दीत पडला. त्याचेही स्ट्रक्चरल ऑडिट झाले होते आणि किरकोळ दुरुस्तीपलीकडे त्यात काही निघाले नव्हते. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथील इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने कोसळला. तो धोकादायक असल्याचा फलक तेथे होता. माणसांना अडवणारे कोणी नव्हते.

या तिन्ही घटनांमध्ये कागद होता. पहिल्या दोन ठिकाणी तो खोटा धीर देत होता आणि तिसऱ्या ठिकाणी तो खरे सांगत असूनही दुबळा होता.

मी एका जिल्ह्यात काम करीत असताना पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत पुलांची नोंदवही माझ्यापुढे ठेवली जात असे. पानामागून पान एकच शब्द असायचा : ‘ठीक’. एका वर्षी मी विचारले की, यांपैकी किती पुलांच्या खाली उतरून पाहिले गेले? उत्तर आले नाही. त्या अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. ‘ठीक’ लिहिणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. ‘शंका आहे’ असे लिहिणाऱ्यापुढे मात्र वाहतूक वळवण्याचा, निधी मागण्याचा आणि लोकप्रतिनिधींचा रोष ओढवून घेण्याचा प्रश्न उभा राहतो. पूल बंद करून तो पुढे पडला नाही, तर घबराट पसरवल्याचा ठपका येतो. आणि न पडलेल्या पुलाखाली किती जीव वाचले, याचा हिशेब कोणत्याच रकान्यात मावत नाही. मीही त्या वर्षी केवळ प्रश्न विचारून थांबलो, नोंदवहीवर सही केली. ती सही आजही मला टोचते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे रेल्वेचे उदाहरण आठवते. भोर घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला आणि १८६७ मध्ये तेथील एक भव्य दगडी पूल कोसळला; कमअस्सल बांधकामाचा मुद्दा तेव्हाही पुढे आला होता. अशा अनुभवांतून रेल्वेत तपासणीची व्यवस्था घडत गेली. १९४१ मध्ये ती तपासनीस यंत्रणा रेल्वे मंडळाच्या अधिकाराबाहेर काढण्यात आली आणि आजही रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाला नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला उत्तरदायी असतात. जो चालवतो, त्यानेच स्वतःला प्रमाणपत्र देऊ नये, हे त्यामागचे साधे तत्त्व. अपघात झाल्यावरही चौकशी त्याच आयुक्तांकडे जाते.

रस्त्यांवरील पुलांसाठी अशी यंत्रणा नाही. बांधणारे, सांभाळणारे, तपासणारे आणि दुर्घटनेनंतर समिती नेमणारे बहुधा एकाच विभागाचे असतात. केंद्राने २०१६ मध्ये पूल व्यवस्थापन प्रणाली सुरू केली, राष्ट्रीय महामार्गांवरील पूल आणि मोऱ्या मिळून दीड लाखांहून अधिक बांधकामांची नोंद केली. हे स्वागतार्हच. पण नोंद म्हणजे निर्णय नव्हे आणि राज्यमार्गांवरील, जिल्हा परिषदांच्या व नगरपालिकांच्या पुलांचा प्रश्न उरतोच. बांधकाम चालू असतानाचा काळ तर आणखी दुर्लक्षित आहे. १० जानेवारी २०२३ रोजी बंगळुरूच्या नागवारा भागात मेट्रोच्या खांबासाठी उभा केलेला लोखंडी सळयांचा सांगाडा रस्त्यावर कोसळला आणि दुचाकीवरून जाणारी एक आई व तिचे अजाण मूल दगावले. तो खांब अजून खांबही झाला नव्हता.

तीन गोष्टी तातडीने करता येतील. रेल्वेच्या धर्तीवर प्रत्येक राज्यात बांधकाम विभागाबाहेरचा पूल सुरक्षा आयुक्त असावा आणि पूल बंद करण्याचा अधिकार त्याच्या एका सहीत असावा. प्रत्येक मोठ्या पुलाचा तपासणी अहवाल, तपासणाऱ्याच्या नावासह आणि काय तपासले नाही याच्या उल्लेखासह, जनतेला पाहता यावा. आणि देखभालीचा निधी पुलाच्या मंजुरीबरोबरच बाजूला काढून ठेवावा. कारण नव्या पुलाच्या फितीला कात्री लावायला गर्दी होते, जुन्या पुलाच्या नळीत डोकावायला कोणी येत नाही.

यावर खर्चाचा आक्षेप घेतला जाईल. तो खराही आहे. परंतु पीण्याचा पूल अडीच वर्षे जड वाहनांविना राहिला, त्याचाही खर्च झालाच. तो मालमोटारवाल्यांच्या डिझेलमध्ये आणि कामगारांच्या वाया गेलेल्या तासांत विखुरला गेला, एवढेच. बांधतानाच नळ्या नीट भरल्या असत्या, तर तो फार थोडा झाला असता. सावित्रीकाठच्या कुटुंबांनी भरलेली किंमत मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात मांडता येणार नाही.

त्या पुलावरच्या शुक्रवारच्या बंदीला लोक नाके मुरडत. मला मात्र वाटते, की देशातील प्रत्येक मोठ्या पुलाला असा एखादा शुक्रवार मिळायला हवा, ज्या दिवशी वाहतूक थांबेल, कोणी तरी कंदील घेऊन खाली उतरेल आणि ‘ठीक’ हा शब्द पाहिल्यावरच लिहील.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)