गोंगाट खोडणारा हेडफोन

नॉइज कॅन्सलिंग हेडफोन गोंगाट नुसता अडवत नाही, गोंगाटावर आवाजच सोडतो. मायक्रोफोन बाहेरची लहर टिपतो, आतली चिप तिच्या नेमकी उलटी लहर तयार करते आणि कानाशी दोघी एकमेकींना खोडतात. या तत्त्वाचे अमेरिकी पेटंट पॉल ल्यूग यांना १९३६ मध्येच मिळाले होते. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांनी ते हेडफोनमध्ये आणायचे मनावर घेतले १९७८ मध्ये, एका विमानप्रवासात.

हे विमानात सुचावे, यात नवल नाही. इंजिनाची घरघर सलग, एकसुरी आणि खालच्या पट्टीतली असते. तिची पुढची लहर चिपला आधीच ओळखता येते. एसी बसची किंवा पंख्याची घुमघुमही तशीच जाते. तान्ह्याचे रडणे, हॉर्न, शेजाऱ्याच्या फोनवरच्या गप्पा मात्र अचानक आणि वरच्या पट्टीत येतात. तिथे भिस्त कानावरच्या गाद्या किती घट्ट बसतात यावर. चष्म्याच्या काडीने गादीखाली फट पडली, की महागड्या हेडफोनचीही निम्मी करामत वाया जाते. म्हणून चष्मा लावूनच, आणि दुकानदार कंटाळेपर्यंत, हेडफोन घालून पाहावा.

सोनी, बोस, ॲपल यांच्या वरच्या मॉडेलांत गोंगाट खोडण्याचा फरक आता थोडाच उरला आहे. खरा फरक वजनात आहे. सोनीचा एक्सएम५ सुमारे २५० ग्रॅमचा, तर एअरपॉड्स मॅक्स ३८५ च्या आसपास; लांबच्या प्रवासात तो फरक मानेला कळतो. प्रवाशाला घडी घालण्याची सोयही हवी. सोनीने २०२२ च्या एक्सएम५ मधून ती काढली आणि २०२५ च्या एक्सएम६ मध्ये मुकाट्याने परत आणली. सेनहायझर मोमेंटम ४ ची बॅटरी, कंपनीच्या दाव्यानुसार, ६० तास चालते. रोज चार्जिंगला लावणाऱ्याला त्याचे अप्रूप नाही. विमानातल्या पडद्यासाठी मात्र बहुधा वायरची सोय लागते. एलडॅक या ब्लूटूथ कोडेकसाठी जादा पैसे आयफोनवाल्याने मोजू नयेत, तो फोन ते वापरतच नाही.

रोजच्या वापरात आधी झिजतात त्या गाद्या, दमट हवेत तर लवकरच. त्या घरच्या घरी काढता येतात का आणि सुट्या मिळतात का, हे बिल करण्यापूर्वीच विचारावे.