अर्ध्या तासात इटालियन जेवण

नोकरी करणाऱ्या गृहिणीला घरी यायला संध्याकाळचे सात वाजतात. मुले भुकेली असतात, कणीक मळायची असते, भाजी निवडायची असते. अशा वेळी बाहेरून काही मागवावे असे वाटणे साहजिकच आहे. पण घरात पास्त्याचे एक पाकीट आणि दोन-तीन बाटल्या असतील, तर अर्ध्या तासात गरम जेवण टेबलावर येऊ शकते.

इटलीत 'सालुमेरिया' नावाची दुकाने असतात. खारवलेले मांस, चीज, मिठाच्या पाण्यातली ऑलिव्ह, तेलात मुरवलेल्या भाज्या असे तयार पदार्थ तिथे वजनावर मिळतात. चवीचे निम्मे काम दुकानातच झालेले असते. घरात लोणचे, मेतकूट असले की आपला साधा भातही रुचकर लागतो, तसेच हे. आता आपल्याकडच्या मोठ्या किराणा दुकानांतही ऑलिव्ह आणि केपर्स बाटलीत मिळतात. केपर म्हणजे एका झुडपाची खारवलेली कळी. राजस्थानच्या केर-सांगरीतला केर याच कुळातला.

आज नेपल्सची 'स्पॅगेटी आल्ला पुत्तानेस्का' करू या. रोमच्या परिसरात यात अँकोव्ही ही खारवलेली मासळी घालतात. नेपल्समध्ये ती बहुधा नसते, म्हणून हा प्रकार शाकाहारी घरात चालतो. यात चीजही लागत नाही. ही मोठीच सोय आहे, कारण अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीज बनवताना वासराच्या जठरातले रेनेट वापरतात. चीज हवेच असेल, तर पाकिटावरचे शाकाहारी चिन्ह पाहूनच घ्या.

साहित्य (४ जणांसाठी)

३२० ग्रॅम स्पॅगेटी, ५०० ग्रॅम लालबुंद टोमॅटो किंवा टोमॅटोचा एक डबा, १०० ग्रॅम काळी ऑलिव्ह, २ मोठे चमचे केपर्स, लसणाच्या ५ पाकळ्या, २ सुक्या मिरच्या, ४ मोठे चमचे ऑलिव्ह तेल, दीड मोठा चमचा मीठ.

कृती

१. मोठ्या पातेल्यात ३ लिटर पाणी झाकण ठेवून उकळायला ठेवा. घरात शिरताच पहिले काम हेच करा.

२. तोवर लसणाचे काप करा. टोमॅटो चिरा. ऑलिव्हच्या बिया काढा. केपर्स पाण्यातून दोनदा धुऊन घ्या, नाहीतर सॉस खारट होईल.

३. कढईत तेल मंद आचेवर तापवून लसूण व मोडलेल्या मिरच्या घाला. लसूण सोनेरी होताच टोमॅटो घाला. तो करपला तर सॉस कडवट होतो. टोमॅटो दहा मिनिटे शिजू द्या. मग ऑलिव्ह आणि केपर्स घाला. सॉसमध्ये वेगळे मीठ नको.

४. पाण्याला खळखळून उकळी आली की मीठ आणि मग स्पॅगेटी घाला. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटे आधी एक शेव चावून पाहा. आत किंचित कणी लागली पाहिजे.

५. वाटीभर पाणी बाजूला काढून स्पॅगेटी निथळा आणि थेट कढईत टाका. काढलेले पाणी थोडे थोडे घालत मोठ्या आचेवर दोन मिनिटे परता. पाण्यात उतरलेल्या पिठुळपणामुळे सॉस शेवांना धरून राहतो. म्हणूनच पास्ता थंड पाण्याने धुऊ नये.

हे लक्षात ठेवा

पाकिटावर 'ड्युरम गव्हाचा रवा' असे लिहिलेले पाहा. आपला बन्सी रवा याच जातीच्या गव्हाचा. मैद्याचा पास्ता लवकर गिळगिळीत होतो.

आपले टोमॅटो आंबट असतील तर चिमूटभर साखर घाला. पिझ्झाबरोबर आलेली ऑरिगॅनोची पुडी मात्र इथे वापरू नका. ऑलिव्हची चव झाकली जाते.

नुसत्या पास्त्याने मुलांचे पोषण पुरे होत नाही. उकडलेले काबुली चणे, काकडी आणि लिंबू यांची कोशिंबीर सोबत द्या.

या जेवणाचा आणखी एक फायदा आहे. गरम पोळ्या वाढायच्या तर करणारी शेवटी, एकटीच जेवते. पास्ता मात्र एकाच वेळी सगळ्यांसाठी तयार होतो आणि पाच मिनिटांत चिकटू लागतो, म्हणून सगळ्यांनी एकदमच बसावे लागते. पाणी उकळायला ठेवणे, लसूण सोलणे, टेबल मांडणे ही कामे पतीने आणि मुलांनी वाटून घेतली, तर तुम्हालाही गरम घास मिळेल.

उरलेली ऑलिव्ह त्यांच्याच पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा. डब्यातले टोमॅटो उरले तर काचेच्या भांड्यात काढून दोन-तीन दिवसांत संपवा. पास्ता उरलाच, तर सकाळी पाण्याचा हबका मारून तव्यावर गरम करा आणि डब्यात द्या.