नरक्याचे चूर्ण आणि नॅनोवाहक

आहुपे हे नाव आपल्या औषधनिर्मात्यांना परिचित आहे ते बाळहिरड्यामुळे. भीमाशंकरच्या त्याच जंगलपट्ट्यात नरक्या हा दुर्गंधी फुलांचा लहानसा वृक्षही आढळतो. त्याच्या खोडामुळांत कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य असते व त्यापायी सह्याद्रीत त्याची चोरटी तोड होत आली आहे. आता कर्करुग्णांचे नातेवाईक नरक्याच्या चूर्णाची चौकशी करू लागले आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

हे द्रव्य वॉल व वाणी या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून प्रथम वेगळे केले. (मनसुख वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.) १९७२ मध्ये ते नरक्यातही आढळले. त्याच सुमारास त्याच्या क्षाराचे रुग्णांवर प्रयोग झाले. परंतु मूत्राशयातून रक्तस्राव आणि मज्जेचा ऱ्हास इतका तीव्र, की ते थांबवावे लागले. पुढे त्यापासून इरिनोटेकॅन सिद्ध झाले. २०१५ मध्ये अमेरिकेत स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळालेल्या त्याच्या एका रूपात हे औषध सुमारे ११० नॅनोमीटरच्या मेदपुटिकांत बंदिस्त असते. रक्तात ते अकाली विघटित होत नाही आणि अर्बुदाच्या सच्छिद्र रक्तवाहिन्यांतून तेथे अधिक साचते. एवढे करूनही तीव्र अतिसार व श्वेतपेशींची घट यांचा इशारा त्या औषधावर छापावा लागतो.

जे द्रव्य इतक्या बंदोबस्तातही उपद्रव करते, ते अनिश्चित मात्रेच्या चूर्णातून देणे ही चिकित्सा नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. नरक्या हे आपल्या संहितांतील द्रव्यही नव्हे.

आपली भस्मे म्हणजे प्राचीन नॅनोवाहकच, असे हल्ली अनेक व्यासपीठांवरून सांगितले जाते. योगवाही द्रव्यांचा विचार आम्हांस मोलाचा वाटतो. तथापि कण सूक्ष्म असणे आणि त्याने औषध अर्बुदापर्यंत नेणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसरी सिद्ध केल्यावाचून जाहिरातीत तो शब्द वापरू नये.

वैद्यबंधूंनी अशा रुग्णास कर्करोगतज्ज्ञांकडे पाठवावे, आणि केमोथेरपी चालू असेल तर आपण देत असलेली प्रत्येक औषधी त्यांना लेखी कळवावी. फार्मसीचालकांना विनंती ही, की ठेकेदाराने हिरड्यासोबत नरक्याचे ढलपे देऊ केल्यास ते नाकारावेत व वनखात्यास कळवावे.