सॉफ्टवेअर दर वेळी नव्याने का बनवायचे?

जॅकार्डवर बसणाऱ्या कारागिराला पुनर्वापर म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. नक्षी ग्राफच्या कागदावर उतरवून एकदा पुठ्ठ्याचे पत्ते पंच केले, की त्याच पत्त्यांवर कितीतरी साड्या निघतात. काठ जुनाच ठेवून पदर बदलायचा असेल, तर पदराचेच पत्ते नवे होतात. सगळे पत्ते फेकून कोणी नव्याने सुरुवात करीत नाही.

पण आपला व्यापारी बंधू दुकानासाठी सॉफ्टवेअर बनवून घ्यायला निघाला की हे शहाणपण घरी ठेवून जातो. भिवंडी घ्या, मालेगाव घ्या, इचलकरंजी घ्या. सुताची आवक, सायझिंगला गेलेला माल, मागावर चढलेले बीम, आलेले ग्रे कापड, पिकावरची मजुरी, दलाली आणि उधारी, हा हिशेब थोड्याफार फरकाने सर्वांचा एकच. तरीही प्रत्येक जण वेगळा प्रोग्रामर गाठतो, शून्यापासून काम सुरू होते आणि त्याच त्या चुका प्रत्येक पेढीवर पुन्हा पैसे देऊन दुरुस्त होतात.

हा विचार नवा नाही. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली एडसॅक नावाचा संगणक चालू झाला. नेहमी लागणारी गणिते त्या मंडळींनी छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर तयार करून कपाटात ठेवली होती. ज्याला जी हवी तिची नक्कल तो आपल्या फितीवर उतरवून घेई. आपल्या पत्त्यांचीच ही बहीण म्हणा ना! पुढे १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथील परिषदेत डग्लस मॅकिलरॉय यांनी यंत्राच्या सुट्या भागांसारखे सॉफ्टवेअरचेही तयार भाग मिळावेत, असा आग्रह धरला.

फायदा केवळ सुरुवातीच्या खर्चाचा नाही. अनेकांनी वापरलेल्या भागातील खोट्या जागा आधीच उघड झालेल्या असतात. त्याहून मोठा फायदा कायदा बदलतो तेव्हा कळतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि बिलाचा नमुनाच बदलला. ज्यांचे सॉफ्टवेअर अनेकांच्या वापरातले होते, त्यांच्यासाठी ते एकदा बदलले की सर्वांचे काम झाले. ज्यांनी एकट्याने बनवून घेतले होते, त्यांना आपापला प्रोग्रामर शोधावा लागला, आणि तो गाव सोडून गेला असेल तर विचारूच नका.

मात्र जुना भाग डोळे मिटून बसवू नये. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात मिनिटभराच्या आत नष्ट झाले. त्यातील दिशादर्शक यंत्रणेचे सॉफ्टवेअर एरियन ४ मधून घेतले होते. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, तो आकडा जुन्या मापात मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. जुन्या रॉकेटवर तोच भाग बिनतक्रार चालला होता! म्हणून दुसऱ्या पेढीवरचा प्रोग्राम आपल्याकडे आणला, तर एक महिना वहीही चालू ठेवावी आणि मीटर, घट, मजुरी ताडून पाहावी.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. बाजारातून चोरीची प्रत आणून लावणे याला आम्ही पुनर्वापर म्हणत नाही. हलाल रोजीची काळजी करणाऱ्याने बिल कशावर छापले जाते हेही पाहावे. परवानगीने वापरता येणारे पुष्कळ आहे. मुंबईत तयार झालेले ईआरपीनेक्स्ट हे खुल्या परवान्याचे आहे, ते घेता येते आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलताही येते. बसवून देणाऱ्याची मजुरी आणि देखभाल यांचा खर्च अर्थात लागतोच.

आमचे म्हणणे असे की एका बाजारातील आठ-दहा व्यापाऱ्यांनी एकत्र बसावे. हिशेबाचा मुख्य भाग तयार घ्यावा, आणि पिकावरची मजुरी, बीमचा हिशेब असा आपल्या धंद्याचा खास भाग तेवढा वर्गणीतून बनवून घ्यावा. आपले दर आणि गिऱ्हाइके शेजाऱ्याला कळतील ही भीती नको. प्रोग्राम एक असला तरी प्रत्येकाच्या नोंदी त्याच्याच संगणकावर राहू शकतात. करार मात्र लेखी हवा. मूळ कोडची प्रत सर्वांना मिळेल, त्यात दुसऱ्याकडून बदल करून घेण्याचा हक्क राहील आणि प्रोग्रामर बदलला तरी जुन्या नोंदी बाहेर काढता येतील, या तीन अटी बयाणा देण्यापूर्वी त्यात लिहून घ्याव्यात.